भरावावर लावलेला जॅक

खाडीच्या चिखलाचा वास आला की मला कोलशेतची ती दुपार आठवते. खाडी बुजवणाऱ्यांविरुद्ध आम्ही पत्रकं वाटत, भोंग्यावर ओरडत फिरत होतो आणि जीपमागे ओढायचा आमचा राहायचा ट्रेलर नेमका राडारोड्याच्या भरावावर पंक्चर झालेला. मी जॅक तिथेच, थेट चाकांच्या अ‍ॅक्सलखाली लावला. मैत्रीण चाक काढायला वाकली, तेवढ्यात जवळच होडीला डांबर लावणारे एक कोळी काका ओरडले, “पोरी, हात काढ!” तिने हात ओढला आणि जॅक मातीत रुतून कलंडला, ट्रेलर दणकन खाली बसला. “सकाळपासून भोंग्यावर सांगतोस, भराव म्हणजे जमीन नाय, आन् जॅक कुठं ठेवलास रे?” काका मला म्हणाले. मी भडकलो, पण वाक्य माझंच होतं. काकांनी जॅकखाली होडीची जाड फळी घातली, पलीकडच्या चाकाला दगड लावले आणि जॅक अ‍ॅक्सलच्या मागे, चॅसीच्या, म्हणजे सांगाड्याच्या, पोलादी पट्टीला भिडवला. “अ‍ॅक्सल वाकतो. वजन हिच्यावर घे.” ट्रेलर गुमान उचलला गेला. आज माझ्या ट्रेलरमध्ये फळी कायम असते. बिल्डर मात्र तसल्याच भरावावर वीस-वीस मजले चढवतायत, आणि तिथे घर घेणाऱ्यांना ‘हात काढा’ म्हणून ओरडायला आम्ही आहोतच.