होडीचा सगळ्यात आतला रंग

माझं चित्र काढणं थांबलं तेव्हा खरं तर काहीच घडलेलं नव्हतं. कुणी गेलं नव्हतं, कुणी वाईट बोललं नव्हतं. वीस-बावीस वर्षं मी रोज सकाळी वाशीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत जाऊन बसत होते. एका सकाळी तशीच बसले आणि लक्षात आलं, की आपल्याला काही बघावंसंच वाटत नाहीये. समोर कोरा कॅनव्हास होता. त्याची भीतीही वाटत नव्हती. भीती वाटली असती तर बरं झालं असतं, असं पुढे अनेकदा वाटलं. नुसती पेंग आल्यासारखं झालं. मी ब्रश धुतले, पुसले, बरणीत उभे करून ठेवले आणि स्वयंपाकघरात जाऊन डाळ निवडायला घेतली.

मग आठवडे गेले, महिने गेले. नवरा सुरुवातीला विचारायचा, "आज बसलीस का?" नंतर त्याने विचारणं सोडलं, आणि ते मला जास्त लागलं. बाहेर कुणी भेटलं की "सध्या नवीन काय?" हा प्रश्न ठरलेला. मी म्हणायचे, "एक मालिका करतेय." ही मालिका मी इतक्या लोकांना सांगितली, की एकदा बसमध्ये डुलकी लागली तेव्हा ती मला दिसली. लांबच लांब भिंत, तिच्यावर एकामागून एक राखाडी चित्रं, आणि मी त्यांच्यापुढून चालतेय. थांबत मात्र कुठेच नाही.

कॉलेजातल्या एका मैत्रिणीचा रबाळ्याला रंगाचा छोटा कारखाना आहे. लोखंडी कपाटं, खिडक्यांचे गज, यंत्रं यांना लागणारे तेलरंग तिथे होतात. तिला शेड, म्हणजे रंगाच्या छटा, जुळवायला माणूस हवं होतं. "तुला नजर आहे, आणि सध्या वेळही आहे. ये थोडे दिवस," ती म्हणाली. दया होती की गरज, कळलं नाही. मी गेले.

शेडच्या खोलीत एक ताई होत्या. परभणीकडच्या, लग्न होऊन तुर्भ्याला आलेल्या. कारखान्यात डबे भरायला म्हणून लागल्या आणि केवळ नजरेच्या जोरावर या टेबलापर्यंत पोचल्या. गावाकडून भावाचा फोन आला की "जयभीम दादा" म्हणत उचलायच्या, फोन खांद्यावर धरून शेतातलं, पोराबाळांचं सगळं ऐकायच्या आणि त्याच वेळी हातातल्या डब्यात पिवळ्याचे थेंब सोडायच्या. एक थेंब कमी नाही, एक जास्त नाही.

काम सोपं होतं. गिऱ्हाईक नमुना पाठवायचं. आम्ही रंग मिसळायचो, पत्र्याच्या तुकड्यावर त्याचा हात मारायचो, तो वाळला की खिडकीत नेऊन नमुन्याशेजारी धरायचो. पहिल्याच दिवशी मी घाई केली. ताईंनी माझ्या हातातला पत्रा काढून घेतला.

"ओला रंग खोटं बोलतो मॅडम. त्याला वाळू द्या, मग विचारा."

मला तिथे बरं वाटायला लागलं. दुपारी पत्र्याचं छप्पर तापायचं, पलीकडे रंग दळायची गिरणी घरघरत असायची, थिनरच्या वासाने डोकं किंचित हलकं व्हायचं. पांढऱ्याच्या नऊ तऱ्हा खिडकीत ओळीने वाळत असायच्या. त्यांच्याकडे बघत मी तासन्‌तास बसायचे. वेळ पुढे जातोय की तिथेच गोल फिरतोय, ते कळायचं नाही. मला रंग दिसत होते, पण त्यांच्याकडून काही हवं नव्हतं. आणि गंमत म्हणजे त्यांनाही माझ्याकडून काही नको होतं.

असाच एक दिवस होता. सत्तरीचे एक काका थेट खोलीत आले. पायजमा, वर इस्त्रीचा शर्ट, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला लाकडाचा तुकडा. घणसोलीच्या खाडीकडच्या मूळ गावातले. कधीकाळी भातशेती आणि मासेमारी करणारं घर, आता स्वतःच्या जमिनीवर चार मजली इमारत आणि वर भाडेकरू.

"होरीची फली हाय," ते म्हणाले. होडीला ते होरी म्हणायचे. "ह्यो बघ, वर निला. त्याचे खाली लाल. मंग पिवला. आनि सगल्यात आतला ह्यो. माजे बापानं लावलेला. ह्यो मना पायजे."

लाकडाच्या कडेवर खरंच थर दिसत होते, केळीच्या सोपटासारखे एकावर एक. सगळ्यात आतला धुरकट हिरवा होता, जुन्या तुळशीच्या पानासारखा.

"किती लिटर लागेल काका?" ताईंनी विचारलं.

"एक होरी रंगंल येवरा."

एवढ्याशा कामासाठी कारखाना रंग करत नाही, पण मैत्रिणीने मान डोलावली आणि आम्ही लागलो. पहिला पत्रा तयार झाला. माझ्या मते तंतोतंत. काकांनी तो हातभर लांब धरला, जवळ घेतला, परत दिला. "ह्यो नाय." आठवड्याने दुसरा. "नाय." तिसऱ्या वेळी ताई आणि मी तो तुकड्याशेजारी ठेवला, तेव्हा तुकडा कुठे संपतो आणि पत्रा कुठे सुरू होतो हे आम्हालाच दिसेना. काकांनी दोन्ही उन्हात नेऊन पाहिले.

"तुमची चूक नाय. पन ह्यो नाय."

ताईंना ते फार लागलं. इतक्या वर्षांत त्यांनी जुळवलेला रंग तीनदा परत आला नव्हता. "एकदा होडीच दाखवा," त्या म्हणाल्या.

शनिवारी दुपारी आम्ही दोघी रिक्षा करून गेलो. इमारतीखाली पार्किंग होतं. स्कूटर, एक टेम्पो, दोन गाड्या, आणि त्यांच्यामध्ये, विटांवर चढवलेली, भाडेकरूंच्या सायकली टेकलेली होडी. खांबांच्या रांगेत ती अशी उभी होती जणू भरती येऊन इथवर पोचली आणि पाणी तिला सोडून निघून गेलं. मी तिच्याभोवती एक चक्कर मारली. बाहेर रणरणतं ऊन, आत गारवा, आणि कुठून तरी खारट चिखलाचा वास.

"आता पान्यात जानार नाय ती," काका म्हणाले. "खारीत जाला कोन? पोरगा ऑफिसान जातंय. पन म्हनून अशी ठेवाची का?"

पाहुण्या आल्या म्हणून त्यांनी नळाचा पाइप ओढला आणि होडीवरची धूळ धुवायला घेतली. एका बाजूला त्यांनी स्वतःच खरवडून आतला थर उघडा केला होता. पाणी त्याच्यावर पडलं आणि तो धुरकट हिरवा बघता बघता खोल झाला. त्यात निळं उतरलं, तळाशी कुठेतरी पिवळं हललं. खाडीकाठच्या तिवरांच्या मुळाशी भरतीचं पाणी उभं राहतं तसा तो रंग होता.

"ह्योच!" काका ओरडले. "ह्योच तो!"

पाणी ओघळलं, लाकूड सुकायला लागलं आणि रंग पुन्हा आत गेला. ताई हसायलाच लागल्या. "आपण कोरडा नमुना जुळवत बसलो. ह्यांच्या वडलांची होडी कोरडी कधी असायची?"

मग आम्ही ओला रंग जुळवला. तुकड्यावर पाणी मारायचं, तो सुकायच्या आत बघायचं, डोळ्यात धरून टेबलाशी यायचं. पूर्ण दोन दिवस गेले. काका पत्रा बघत त्याच्यावरून नुसता अंगठा फिरवत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कवा येतंस लावाला? ताई सांगत होती, तू चित्रं कारतंस."

मला ताईंचा राग आला. "आता नाही काढत, काका."

"चित्र कारतंस का, कोन इचारतंय? रंग लावाचा हाय."

पुढच्या रविवारी मी गेले. काकांनी घासून पुसून ठेवलेली होडी, एक डबा, चार इंची ब्रश. मी पुढच्या टोकापासून सुरुवात केली. पत्र्याचे तुकडे सोडले तर दीड वर्षाने हातात ब्रश होता आणि त्याला कुठेही पोचायचं नव्हतं, फक्त या फळीवरून त्या फळीवर. लाकडाच्या शिरांच्या दिशेने हात जायचा, परत यायचा. भाडेकरू येत-जात होते. कुणी स्कूटर सुरू करायचं, कुणी विचारायचं, "विकणार का?" काकांच्या सुनेने चहा आणून दिला. काका खुर्ची टाकून बसले होते आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांनी वडिलांबद्दल, कोळंबीबद्दल, मिठागरांबद्दल बोलत होते. मी ऐकत होते आणि नव्हतेही. मधेच वाटलं, होडी किंचित हलतेय.

दुपार उतरली तेव्हा खांबाची सावली होडीवर तिरकी पडली होती. ओल्या हिरव्यावर तिची कड जांभळी दिसत होती, आणि जिथे वाकलेल्या फळीवरून ती वळली होती तिथे जवळजवळ लाल. मी ब्रश धरून तशीच उभी राहिले. सावली सरकली तशी मीही सरकले. काका म्हणाले, "काय झाला गो?" मी म्हटलं, "काही नाही, बघतेय."

घरी गेल्यावर मी काही रात्र जागून चित्रं काढली नाहीत. उलट गाढ झोपले. दोन-तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मुलीच्या जुन्या वहीत त्या पार्किंगचं चित्र काढून बघितलं. वाईट होतं. दुसरंही वाईट होतं. पण ती वाईट आहेत हे मला खुपलं, आणि कित्येक दिवसांत मला काही खुपलं नव्हतं. मग हळूहळू मागच्या खोलीचं दार पुन्हा उघडलं. रोज नाही. आठवड्यातले चार दिवस मी अजूनही रबाळ्याला जाते, आणि "सध्या नवीन काय?" असं कुणी विचारलं तर शेडचं काम करते म्हणून सांगते.

मागच्या महिन्यात ताई पहिल्यांदाच घरी आल्या. मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. एकच चित्र होतं, मोठं, अर्धंमुर्धं. खांब होते, जमीन होती, पलीकडचं ऊन होतं, मधली होडीची जागा कोरी होती. ताई पदर सावरत जवळ गेल्या, मागे आल्या, डोकं एका बाजूला कलवून बघत राहिल्या.

"हे मधे सोडलंय, ते मुद्दाम का?"

"नाही हो. जमलं नाही तिथं."

ताईंनी अजून थोडा वेळ पाहिलं.

"राहू द्या मग तसंच," त्या म्हणाल्या. "घाई काय आहे?"

आम्ही दोघी तिथेच जमिनीवर टेकलो. त्यांनी पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढले, आणि दिवस मावळेपर्यंत आम्ही त्या खोलीत बोलत बसलो, बरंचसं त्यांच्या नातीच्या शाळेबद्दल.