पिंजरेवाली

पहिल्यांदा घरात आलेल्या माणसाला वाटायचं, या बाईचं डोकं ठिकाणावर नाही. खोलीच्या मधोमध, लहान मुलांना खेळायला ठेवतात तसलं लाकडी गजांचं चौकोनी कुंपण, आणि त्यात पोरं नव्हेत, पोरांची आई बसलेली. मांडीवर फळी, हातात कोरणी, केसांत भुसा. पोरं बाहेर मोकाट. पाच वर्षांची ठकी गजांतून नाक खुपसून बघतेय, अडीच वर्षांचा ढब्बू कुंपणाभोवती डबा आपटत गोल गोल फिरतोय. शेजारीण एकदा वाटीभर साखर मागायला आली, तोंडात बोट घालून उभी राहिली, आणि साखर घेऊन गेली ती गल्लीभर नाव करूनच. पिंजरेवाली.

नाव पडलं तर पडलं. तिच्या लेखी तो साध्या अकलेचा प्रश्न होता. ती लाकडी ठशांची चित्रं करायची. फळीवर चित्र कोरायचं, रुळाने शाई लावायची, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचा, की चित्र उमटतं. या कामाला लागतात सात कोरण्या आणि दोन पटाशा, सगळ्या अशा धारेच्या की बोटाला लागलेलं रक्त आल्यावरच कळावं. मुलांना कुंपणात ठेवलं तर मुलं घर डोक्यावर घेत. हत्यारं कुंपणात ठेवली तर हत्यारांजवळ कुणीतरी बसायला हवं. मग ती बसली. त्यात वेडेपणा कुठला?

कुंपण नवऱ्याने केलं होतं. तो दारं-खिडक्या बनवण्याच्या कारखान्यात सुतार. ठकी रांगायला लागली तेव्हा त्याने उरलेल्या पट्ट्यांतून ते ठोकलं, मोठ्या कौतुकाने. महिन्याभरात त्यात लेकीच्या जागी बायको दिसली तेव्हा त्याने जरा वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मग फळकुट टेकायला एक आडवी पट्टी मारून देतो." त्या एका वाक्यासाठी तिने त्याचे पुढचे बरेच अपराध माफ केले.

सल्ले देणाऱ्यांची मात्र रांग होती. उचलली जीभ लावली टाळ्याला. पोरं झोपल्यावर रात्री करावं की काम! "रात्री मी झोपते," ती सांगायची. "मी पण माणूस आहे." आणि या रांगेत सगळ्यांत पुढे होते सर.

सरांनी तिला कोरायला शिकवलं होतं. कोरणी कशी धरायची, लाकडाच्या रेषा कुठे वळतात, कुठे दगा देतात, हे तिच्या बोटांत आलं ते त्यांच्यामुळे. ठकी सहा महिन्यांची असताना ती तिला कडेवर घेऊन चार नवे छाप दाखवायला त्यांच्याकडे गेली होती. सरांनी छाप बघितले, बाळाच्या गालाला बोट लावलं आणि अगदी मायेने म्हणाले, "दहा वर्षांनी ये बाळ. आई झालीस, आता तेच कर. कला कुठे पळून जात नाही."

कला पळत नसेल, हात गंजतात त्याचं काय? हे तिला सुचलं जिना उतरताना. वर असताना तिने फक्त मान हलवली होती, शहाण्या मुलीसारखी. त्या मान हलवण्याचा राग तिला पाच वर्षांनीही तेवढाच होता. सरांपेक्षा स्वतःचा जास्त.

त्या रागातच तिने आपली पद्धत बसवली. सलग अर्धा तास तिला कधी मिळतच नसे. कोरणी लाकडाला लागली की ढब्बूला तहान लागे, ठकीची बाहुली हरवे, दारावर कुणीतरी येई. उठून परत येईपर्यंत आपण कुठे होतो याचा पत्ता नाही. म्हणून जे लाकूड कोरून काढायचं, जे कागदावर पांढरं राहणार, ते ती आधीच लाल पेन्सिलीने रंगवून ठेवायची. परत आलं की विचार करायचा नाही. लाल दिसेल ते काढायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही. आणि उठताना फळी उलटी करून मागच्या बाजूला काय कारणाने उठलो तो एक शब्द लिहायचा. "शी." "पाणी." "बाहुली." "साखर." एकेका फळीच्या पाठीवर असे शंभर-दीडशे शब्द जमायचे. कशासाठी लिहितेस, असं नवऱ्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आळशीपणाने थांबले नव्हते, याला पुरावा नको?"

त्या वर्षी शहराच्या कलादालनाने ठशांचं मोठं प्रदर्शन ठरवलं. तिने चार लहान छाप पाठवले. उत्तर आलं की छाप आवडले, सोबत एक मोठं चित्र हवं, ते बघायला निवड समितीचे प्रमुख घरी येतील. प्रमुख कोण? सर. पत्र वाचून ती हसलीच. दहा वर्षं व्हायला अजून पाच बाकी होती.

मोठं चित्र सुरू होतंच. हातभर रुंद, दोन हात उंच फळी. एक बाई टेबलाशी उभी राहून कोरतेय, एक मूल तिच्या पायाला चिकटलंय, दुसरं टेबलाखालून वर येतंय. चार महिने ती त्यावर होती. मुलं झाली, टेबल झालं, हात तर असे उतरले की ती स्वतःच बघत बसे. चेहरा शेवटी ठेवला होता. शाईने नुसता रेखाटला होता, लाल लावलं नव्हतं. त्या बाईच्या तोंडावर काय असावं हे तिला नक्की होत नव्हतं.

सर यायच्या दहा दिवस आधी ढब्बूने दूध सांडलं, आणि नंतर त्यात बसला. ती त्याला धुवायला गेली. फळी कुंपणातल्या आडव्या पट्टीला टेकून उभी होती, आणि लाल पेन्सिल घरंगळून कुंपणाबाहेर आली होती. पंधरा मिनिटांनी ती परत आली, फळी खाली डोकं वर पाय अशी मांडीवर घेतली, हाताने शाई पसरू नये म्हणून नेहमीसारखं बाकीच्या भागावर फडकं टाकलं, आणि उघड्या तुकड्यात लाल दिसलं ते काढायला लागली. हात छान चालत होता. इतका वेळ कुणी हाकही मारली नाही, याचंच तिला अप्रूप वाटत होतं. फडकं उचललं आणि फळी सुलट केली, तेव्हा बाईला चेहरा नव्हता. कानापासून कानापर्यंत गुळगुळीत खड्डा.

लाकूड परत चिकटत नाही. या धंद्यात चूक खोडता येत नाही, हे सरांचंच पहिल्या दिवसाचं वाक्य.

"कुणी लाल केलं हे?" ती इतक्या मोठ्याने ओरडली की ढब्बूचा डबा हातातून पडला.

ठकी पलंगाखाली होती. तिथूनच आवाज आला, "मी मदत केली."

"मदत?"

"लाल केलं की तू काम करतेस. खूप लाल केलं की काम लवकर संपेल. मग तू बाहेर येशील."

ती कुंपणात बसून रडली. ओक्साबोक्शी, पोरांसमोर, लाज न बाळगता. राग लेकीचा होता, स्वतःचा होता, चार महिन्यांचा होता, आणि त्या "बाहेर येशील"चा तर सगळ्यांत जास्त. मग तिने फळी उलटली. पाठीवर कुठला शब्द लिहावा ते तिला सुचेना. जागा तशीच रिकामी ठेवून ती बाहेर आली, पलंगाशी आडवी झाली आणि आत हात घातला. बऱ्याच वेळाने तो हात कुणीतरी धरला.

दुसऱ्या चित्राला वेळ नव्हता. तिने त्याच फळीचा छाप काढून भिंतीला लावला. असेल ते असेल, खोटं तर नाही.

सर आले. कुंपण बघून भुवया वर गेल्या, पण छाप त्यांनी आधी लांबून, मग अगदी जवळ जाऊन बघितला. या माणसाने "वा" म्हणावं असं तिला अजूनही वाटत होतं, आणि तसं वाटतंय याची चीड येत होती.

"वा," सर म्हणाले. "काय बोललीस तू! आई झालेल्या बाईला चेहराच उरत नाही. पोरं आहेत, हात आहेत, ती स्वतः नाही. हेच मी तुला तेव्हा सांगत होतो. मधली मोठी भिंत याला. नाव मी देतो. 'हरवलेली'."

मधली भिंत! आत येणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी तिथे जाणार. मान हलवायची तेवढी बाकी होती. मूग गिळून बसली असती तर कुणाला कळणार होतं?

"सर, चेहरा हरवलेला नाही," ती म्हणाली. "माझ्या लेकीने लाल पेन्सिलीने रंगवला आणि मी न बघता कोरून काढला. चूक आहे ती. दोघींची."

सर हसले. "असू दे की! हे कुणाला सांगत बसू नकोस. चूक असली तरी खरी आहे."

"खरी नाही. मी आहे की इथे. तुमच्यासमोर उभी आहे."

"हट्ट करू नकोस बाळ. असंच आणि याच नावाने असेल तर मधली भिंत. नाहीतर मिळेल ती जागा. विचार कर." आणि जाता जाता दारात थांबून म्हणाले, "उद्घाटनाला कलाकाराने दोन तास बसून काम करून दाखवायचं आहे. मुलांना आवरायची काहीतरी सोय करून ये."

नवरा संध्याकाळी आला तेव्हा ती फळीकडे एकटक बघत होती. त्याने सगळं ऐकून घेतलं, खड्ड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "आमच्याकडे दाराच्या फळीला गाठ निघाली तर फळी फेकत नाही. गाठीभोवती चौकोन कापून काढतो, तेवढाच नवा तुकडा घट्ट बसवतो. सांधा दिसतो जरा. दार मात्र चालतं."

ती ताडकन उठली. "हे तुम्ही त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तू रडत होतीस ना. तेव्हा कोण सुतारकाम सांगतं?"

त्याने चौकोन कापला, तळहाताएवढा तुकडा बसवला. आणि आता तिला तोंड शोधावं लागलं नाही. ती ठकीवर ओरडली त्या दिवसापासून ते तिला माहीत होतं. भुवया जुळलेल्या, नाकपुड्या फुगलेल्या, तोंड पूर्ण उघडं. घर दणाणून सोडणारी बाई, हातातली कोरणी मात्र सुटलेली नाही. लाल पेन्सिल तिने या वेळी ठकीच्या हातात दिली. "मी शाईने आखलंय त्याच्या बाहेरचं लाल कर. आत गेलीस तर बघ." ठकी जीभ बाहेर काढून तासभर रंगवत होती. एकदाही आत गेली नाही. चौकोनाचा सांधा छापात बारीक पांढऱ्या रेघेसारखा उमटला. तो तिने तसाच ठेवला.

मधली भिंत दुसऱ्या कुणाला गेली. तिला मिळाली अगदी शेवटची, स्वच्छतागृहाच्या दाराशेजारची. समितीच्या चिटणिसाने ओशाळून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, उत्तम! आमच्या धाकट्याला तीच सोयीची." आणि हे ती टोमणा म्हणून अजिबात बोलत नव्हती.

उद्घाटनाला ती आली तेव्हा बाकीच्या कलाकारांच्या हातात फुलं होती, हिच्या नवऱ्याच्या खांद्यावर कुंपण. चारही बाजू जोडून त्याने ते तिच्या भिंतीसमोर उभं केलं. सर लांबून बघत होते. जवळ आले, समाधानाने मान डोलावली.

"छान सोय केलीस. मुलं बसतील यात निवांत."

"मुलं कशाला बसतील?" ती म्हणाली. तिने साडी जरा वर खोचली, पाय उचलून कुंपण ओलांडलं, आत मांडी घातली आणि कोरण्या ओळीने मांडल्या. ढब्बू डबा आपटत फेऱ्या घालायला लागला. माणसं मधली भिंत सोडून इकडे येऊ लागली. कुणी हसत होतं, कुणी वरच्या चित्रातल्या ओरडणाऱ्या बाईकडे आणि खालच्या बाईकडे आळीपाळीने बघत होतं. एक बाई, कडेवर पोर, कितीतरी वेळ जागची हललीच नाही.

सर चित्राशी गेले. चेहऱ्याभोवतीच्या पांढऱ्या रेघेवर चष्मा टेकवून बघितलं. मग कुंपणावर वाकले. "चांगलं चित्र बिघडवलंस. आणि हे असं सगळ्यांसमोर... जरा बाहेर ये, मला बोलायचंय."

ठकी मध्ये येऊन उभी राहिली. डोकं सरांच्या कमरेलाही पोचत नव्हतं. "आजोबा, मागे व्हा. आई काम करतेय."

सर सरळ झाले. तिने लेकीकडे बघितलं, सरांकडे बघितलं. मान हलवली नाही. मांडीवरची नवी फळी तिने शांतपणे उलटी केली, कानामागची पेन्सिल काढली आणि "पाणी", "शी", "बाहुली"च्या खाली पुढचा शब्द लिहिला.

"सर."

मग फळी सुलटी करून ती पुन्हा कोरायला लागली.