तेमिरकुलचं मोठं चाक

आमच्या गल्लीतल्या तेमिरकुल नालबंदाइतका चिडका माणूस मी काराकोलच्या गुरांच्या बाजारातही पाहिला नाही, आणि तिथे तर दलाल असतात. सकाळी उठला की आधी तो कोंबड्यावर चिडायचा, उशिरा आरवला म्हणून. मग चुलीवर, मग बायकोवर, मग रेडिओवर. रेडिओ बिघडला तेव्हा न लागणाऱ्या रेडिओवर चिडला.

सरकारी शेतीच्या काळात एकदा अध्यक्षाची घोडी त्याच्याकडे नाल ठोकायला आली. अध्यक्ष म्हणाला, "जरा लवकर उरक, मला सभेला जायचंय." तेमिरकुलने तीन खुरांना नाल ठोकले आणि लगाम अध्यक्षाच्या हातात दिला. "लवकर म्हटलंत. लवकर एवढंच होतं." अध्यक्ष सभेला चालत गेला. हा किस्सा मी दर लग्नात सांगतो. तेमिरकुल समोर असला तर तो दर लग्नात चिडतो, मी घोडीचा रंग चुकीचा सांगतो म्हणून.

पुढे सरकारी शेती मोडली, घोडे घरोघर वाटले गेले, आणि आमच्या डोंगरांवर जाडजूड टायरच्या सायकली घेऊन परदेशी लोक यायला लागले. सायकली यायच्या धडधाकट आणि जायच्या लंगडत. काही तर इथेच टाकून जायचे. अशा सायकलींचा ढीग तेमिरकुलच्या अंगणात. सायकलीला तो घोडंच म्हणायचा आणि घोड्यासारखंच तिला शिव्या द्यायचा.

त्याची सून जिपार. नवरा मॉस्कोत रस्त्यावरचा बर्फ उपसायला गेलेला. ही पाहुण्यांना सायकलीवरून खिंडीपलीकडे नेऊन आणायची. पोरगी सासऱ्यापेक्षा तापट, पण ते आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. कसं असणार? आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही, त्याला उलट बोलत नाही, त्याच्याकडे पाठ करून निघत नाही. बरं, आमच्या भाषेत तेमिर म्हणजे लोखंड. त्यामुळे बिचारीला लोखंडालाही लोखंड म्हणायची सोय नव्हती. "ते गंजणारं" म्हणायची. नालबंदाच्या घरात दिवसातून कितीदा म्हणावं लागत असेल ते तुम्हीच बघा.

त्या उन्हाळ्यात खिंडीतल्या दगडावर आपटून जिपारच्या सायकलीचं पुढचं चाक पार चेपलं. दोन दिवसांनी पाहुणे यायचे होते. तिची दोन्ही चाकं साडेसत्तावीस इंची; ढिगात तसलं एकही धड नव्हतं. तेमिरकुलने एकोणतीसचं थोरलं चाक ओढून काढलं आणि तिच्याच जुन्या चिमट्यात, म्हणजे चाक धरणाऱ्या स्प्रिंगच्या दुबेळक्यात, पुढे बसवलं. बसलं! टायर आणि चिमट्याचा वरचा खांदा यांत बोट जाईल एवढी फट राहिली.

"बघ," तो मला म्हणाला. मी कुंपणाशी बाकावर बसलो होतो. "पुढून उंच, मागून बुटकं. घोडं असंच हवं. मान वर."

जिपारने अंगणात एक फेरी मारली, पाण्याच्या पाटावरून एकदा उडी घेतली, उतरली आणि वाकून खांद्याखाली बोट फिरवलं. बोट काळं झालं. म्हणजे चिमटा दबला की टायर वर घासत होता. खिंडीच्या उतारावर तो पुरता दबला असता, चाक जागच्या जागी अडकलं असतं आणि पोरगी हँडलवरून थेट दगडांत गेली असती.

पण सासऱ्याला सांगायचं कसं? ती खुंट्याला बांधलेल्या वासराकडे गेली.

"काय रे," वासराला म्हणाली, "एखाद्या चाकाचा चिमटा वेगळा असतो, हे तुला तरी कळतं ना?"

तेमिरकुल माझ्याकडे वळला. "त्या वासराला सांग, मी त्याच्या आजीच्या आजीला नाल ठोकलेत."

"गाईला नाल?" मी म्हटलं.

"मध्ये बोलू नकोस!"

"वासरा, या चाकाचा खरा चिमटा इथेच आहे. सासूबाईंनी त्यावर दही टांगलंय."

खरंच होतं. त्या मोठ्या चाकाचा लांब चिमटा छपराच्या वाशाला बांधून बातमाने, त्याच्या बायकोने, त्यावर दही गाळायची पिशवी लटकवली होती.

"तो चिमटा वावभर लांब आहे!" तेमिरकुल मला म्हणाला. "घोडं मागच्या पायावर उभं राहील. आणि आता मी बायकोकडे दह्याची खुंटी मागायला जाऊ? या वयात?"

"वासरा, माझी मान एकच आहे."

"त्याला सांग, माझ्या हातावर विश्वास नसेल तर चालत जा म्हणावं!"

हात तरी कसा लावला होता त्याने? हँडलवर तळवा ठेवून दाबून पाहिलं होतं, बस. अंगात मांस नाही, नुसती नस आणि राग. त्याच्या वजनाने तो चिमटा काय दबणार! मी तसं म्हणालो, तर भडकलाच. माझ्यावर, वासरावर, परदेशी लोकांवर. सायकल खेचून घेतली, टांग टाकली. "बघा, काही होतं का!" आणि कुरणाच्या पठारावरून गवताच्या गाड्या उतरतात त्या वाटेने सुटला.

म्हातारा घोड्यावर जसा बसे तसा बसला होता, ताठ. उताराच्या तळाशी पाट. वेग वाढत चालला. जिपार कुंपणाशी उभी होती, ओठ चावत. आणि मग ती ओरडली:

"तेमिरकुल! ब्रेक दाब! पाटाआधी ब्रेक!"

अख्ख्या गल्लीने ऐकलं. त्यानेही ऐकलं. ब्रेक दाबायच्या ऐवजी त्याने मान वळवून मागे पाहिलं, नाव कोणी घेतलं म्हणून. पुढचं चाक पाटात आदळलं, चिमटा दबला, टायर वर अडकला, आणि तेमिरकुल हँडलवरून खाजऱ्या झुडपांत जाऊन पडला.

आम्ही पोचलो तर गळ्याजवळचं हाड मोडलेलं, तोंडभर पुरळ, आणि तो गर्जत होता. "माझं नाव! सुनेने! भर गल्लीत!"

"हो, घेतलं!" जिपार त्याच्या डोक्यावर उभी राहून ओरडली. एवढा मोठा आवाज तिच्यात कुठे होता देव जाणे. "अजून घेईन! सात वर्षं वासरांशी बोलतेय मी! तुमच्या रागाला सगळं गाव जागा देतं, माझा राग कुठे ठेवू? दह्याच्या पिशवीत? उद्या मी दगडांत पडले असते, तर नाव न घेता पडले असते, आणि तुम्ही सगळ्यांनी म्हटलं असतं, गुणाची पोर होती!"

बातमाने डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसले, मग सरळ घरी गेली, पिशवी सोडून दही परातीत उलटलं आणि चिमटा अंगणात आणून टाकला.

तेमिरकुल हात गळ्यात बांधून चटईवर बसला आणि संध्याकाळभर सुनेवर ओरडत राहिला. "पाना उलटा धरलायस! बेअरिंगच्या गोळ्या आधी पूस! ग्रीस कमी!" ती काम करता करता ओरडून उत्तरं देत होती, त्याच्याकडे पाठ करून. एकोणतीसच्या चाकाला एकोणतीसचा चिमटा, मागे तिचं जुनं बुटकं चाक. मग मी, जिपार आणि बातमा, तिघांनी मिळून हँडलवर भार टाकला, चिमटा पुरता दाबला. टायर खांद्याला लागला नाही.

निघायच्या सकाळी ती दाराशी थांबली. आशीर्वादाला आमच्याकडे दोन्ही तळवे उचलतात. त्याने एकच उचलला.

"काय बघतेस? हात बांधलाय, तोंड नाही. चढावर छाती हँडलला टेकव, नाहीतर पुढचं चाक आभाळाकडे जाईल."

"माहीत आहे, अताके." अताके म्हणजे बाबा.

ती गेली. तो मला म्हणाला, "ऐकलंस? उलट बोलली."

"ऐकलं."

"तू कशाला ऐकलंस?" म्हणून माझ्यावर चिडला, आणि दिवसभर दारातून हलला नाही.

ती संध्याकाळी परतली, कानापर्यंत चिखल, दात तेवढे पांढरे. त्याने सायकल उलटी करायला लावली, चांगल्या हाताचं बोट खांद्याखाली फिरवलं, उजेडात धरलं. बोट स्वच्छ होतं.

"मग ब्रेक एवढे कसे झिजले?"

"उतार आहे तो, तुमचं अंगण नाही!"

"हळू दाबायचा असतो ब्रेक, अक्कलशून्य!"

"तुम्ही तर दाबलाच नाहीत!"

बातमाने चहा ओतून ठेवला होता. दोघांपैकी कुणीही बसायला तयार नव्हतं, म्हणून तिघांचाही मीच प्यायलो.