औषधाला सुट्टी

कीथ पेंगिलीवर माझा राग आहे हे दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आमच्या ऑरोरू गावात सगळ्यांना ठाऊक आहे. कीथलाही. त्याच्या कुंपणाला लागूनच माझं कुंपण, त्यामुळे रागावायची सोयही चांगली.

माणूस म्हणाल तर सोन्यासारखा. दुष्काळात स्वतःचं गवत अर्धं काढून देईल, आणि देताना तुमच्या अकलेवर तोंडसुखही घेईल. मेंढ्यांच्या बाबतीत त्याचा शब्द अखेरचा. स्वतःच्या पोटाच्या बाबतीतही आपलाच शब्द अखेरचा, असं त्याला वाटलं आणि तिथेच माती खाल्ली.

कीथच्या मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, रक्त पडतं. जन्मभर पुरणारं दुखणं. पहिल्या खेपेला तो इतका वाळला की पँट सुतळीने बांधून हिंडायचा. मग रोजच्या गोळ्या सुरू झाल्या आणि गडी पुन्हा कुत्र्यांवर ओरडण्याइतका धट्टाकट्टा झाला. आणि धट्टाकट्टा झाल्याबरोबर या शहाण्याने, कुणालाही न सांगता, गोळ्या बंद केल्या!

लोकर कातरणीच्या तोंडावर त्याच्या शेडमागच्या संडासाकडे येरझाऱ्या सुरू झाल्या. शेवटी तर तो तेवढं अंतर मागे उघडा हौदा असलेल्या त्याच्या यूट गाडीने जायला लागला. ते बघून त्याची बायको व्हर्ना कपाट उघडते तर काय, गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी. मी तिथेच चहा पीत बसलो होतो.

"हे काय आहे?" व्हर्नाने पाकीट टेबलावर आपटलं.

"औषध."

"ते दिसतंय मला. पोटात का नाही?"

कीथने घसा खाकरला. "अगं, जंताचं औषध सारखं पाजलं की जंत निर्ढावतात. मग किती पाजा, ढिम्म! म्हणून मधे थांबायचं. औषधाची धार टिकते. कुठलाही मेंढीवाला सांगेल तुला."

"म्हणजे इतकी वर्षं मी मेंढ्याशी संसार केला!"

मला हसू फुटलं. ती गर्रकन माझ्याकडे वळली. "तू काय दात काढतोस? तूही त्याच कळपातला!"

"बरं बाई, चुकलं," कीथ म्हणाला. "राहिलेल्या सगळ्या आज एकदम घेतो." आणि खरंच मूठभर गोळ्या काढल्या की हो त्याने! व्हर्नाने त्याच्या मनगटावर पळीच हाणली.

डॉक्टर परेरांकडे मीच गाडी हाकली. वाटेतलं एकही झुडूप कीथने सोडलं नाही. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून ठेवला.

"कीथ, तुमच्या आतड्यात जंत नाहीत. ही गोळी कुणाला मारतच नाही, तर निर्ढावणार कोण? ती सूज दाबून ठेवते. तुम्ही बरे होतात ते ती रोज घेत होतात म्हणून. बंद करावीशी वाटली तर आधी मला विचारायचं. चुकली तर दुप्पट घ्यायची नाही. आता अॅडिलेडच्या इस्पितळात भरती व्हा. सूज उतरली नाही तर आतडं काढावं लागेल."

गाडीत बसल्या बसल्या व्हर्नाने इस्पितळात न्यायच्या सामानाची यादी केली.

त्या वर्षी कीथच्या शेडमध्ये कीथशिवाय कातरणी झाली. हा इस्पितळातून फोनवर माझ्यावर खेकसायचा, "मेंढ्यांच्या पोटाची मळकी लोकर वेगळी टाक रे गाढवा!" मी म्हणायचो, "तू तुझं पोट सांभाळ, गाढवा!" आणि फोन आपटून शेडमागे जाऊन उभा राहायचो. हा माणूस आतडं तिथेच ठेवून येतो की काय, या विचाराने संताप असा यायचा की विचारू नका.

सूज उतरली. आतडं वाचलं, थोडक्यात.

आता त्याच्या स्वयंपाकघरात खिळ्याला मेंढ्यांना औषध पाजायची पिचकारी टांगलेली आहे. व्हर्ना रोज सकाळी विचारते, "गिळतोस की पाजू?" कीथ तिच्याकडे डोळे वटारत गोळ्या न चावता, अख्ख्या गिळतो.

परवा कुंपणाशी भेटला. गालांवर मांस आलं होतं. म्हणाला, "आता कसं अगदी ठणठणीत वाटतंय बघ."

माझं टाळकंच सरकलं. "ठणठणीत वाटतंय म्हणूनच घ्यायची! समजलं?" मी असा ओरडलो की त्याची दोन्ही कुत्री जागच्या जागी खाली बसली.

"घेतली रे, सकाळीच घेतली," कीथ म्हणाला. "ओरडू नकोस. मेंढ्या बुजतात."