गच्चीवरचं हसू

कच्छच्या भूकंपाचा विषय निघाला की प्रत्येकजण आपापली जागा सांगतो. माझी सून तेव्हा धुळ्याला तिसरीत होती. झेंडावंदनानंतर मिळालेली जिलेबी घेऊन ती घरी आली, तर आजोबा रेडिओ कानाशी धरून बसले होते. माझ्या मुलाला शाळेच्या ग्राउंडवर रांगेत उभं असल्याचं आठवतं, पण जमीन हललेली आठवत नाही. मला कोणी विचारलं तर मी बरीच वर्षं एवढंच सांगायची की गच्चीवर होते, पापड घालत होते. गच्चीवर माझ्याबरोबर बेन होती, हे मी सांगत नसे.

बेन म्हणजे आमची समोरची शेजारीण. सिल्वासाच्या आमली भागातल्या त्या तीनमजली इमारतीत आम्ही राहायला आलो तेव्हा मी नवीन लग्न होऊन चिपळूणकडून आलेली. ह्यांची नोकरी सिल्वासात, प्रशासनाच्या कचेरीत. हे सकाळी गेले की दिवसभर मी आणि भिंती. दूधवाला गुजरातीत बोलायचा, भाजीवाली वारलीत, दुकानदार हिंदीत, आणि मी सगळ्यांना नुसती मान हलवायची. बेनचं कुटुंब कच्छमधल्या अंजारकडचं. तिच्या यजमानांची आणि दिरांची मिळून लाकडाची लाटी, म्हणजे वखार, होती, इमारतीपासून पाच मिनिटांवर. पहिल्याच आठवड्यात तिने दार वाजवलं आणि मला हाताला धरून बाजारात नेलं. कुठला दुकानदार वजनात मारतो आणि कोणाकडची तूरडाळ शिजत नाही, ते तिने दुकानदारांच्या समोरच, मोठ्या आवाजात मला सांगितलं. तिचं मराठी लाटीवरच्या खानदेशी कामगारांकडून उचललेलं, माझं गुजराती तिच्याकडून. ती मला भाभी म्हणायची, मी तिला बेन. वयाने ती चारपाच वर्षांनी मोठी असेल.

तिला एक धाकटी बहीण होती. ती अंजारला प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून नुकतीच लागली होती. भूकंपाच्या आधीच्या दिवाळीत ती सुट्टीला आली होती. अंगाने काडी, पण आवाज खणखणीत. इमारतीतली सगळी मुलं तिने गोळा केली होती. सकाळी त्यांना दमणगंगेच्या काठावर फिरायला न्यायची, संध्याकाळी जिन्यात बसवून गुजरातीत आकडे म्हणवून घ्यायची. माझा मुलगा अजूनही पैसे मोजताना गुजरातीत मोजतो. बेन तिला ओरडायची, सुट्टीत तरी शाळा बंद ठेव म्हणायची, पण माझ्याजवळ तिचंच कौतुक. घरातली पहिली नोकरी करणारी मुलगी.

त्या सव्वीस जानेवारीला हे आणि मुलगा झेंडावंदनाला गेले. बेनचे दोन्ही मुलगेही गेले. आम्ही दोघींनी आधीच ठरवलं होतं की सुट्टीचा दिवस आहे, पुरुष आणि मुलं उशिरा येतील, तर तांदळाचे खिचिया, म्हणजे उकडीचे पापड, घालून घ्यायचे. पहाटे तिच्याकडे उकड काढली. जिरं आणि हिरवी मिरची घातलेल्या त्या उकडीचा एकेक गोळा तेल लावून गरमगरम खायचा, हा त्या कामातला खरा फायदा. मग सगळं घेऊन गच्चीवर गेलो. ऊन कोवळं होतं. खाली कोणाच्या तरी घरात टीव्हीवर दिल्लीच्या संचलनाआधीचा कार्यक्रम लागला होता, त्यातला बँड वरपर्यंत ऐकू येत होता.

निम्मी उकड संपली असेल. मी पापड पसरायला उठले आणि मला घेरी आल्यासारखं झालं. मी पाण्याच्या टाकीला धरलं, तर टाकीच आतून डुचमळत होती. झाकणाखालून पाणी उडालं आणि माझ्या डोक्यावर आलं. कपड्यांच्या तारा झोपाळ्यासारख्या हलत होत्या. मी आईच्या नावाने ओरडले आणि टाकीला मिठी मारली. बेन बसल्या जागी दोन्ही हात जमिनीवर टेकून माझ्याकडे बघत राहिली. ते बराच वेळ चाललं. थांबलं तेव्हा मी नखशिखांत ओली होते आणि दोन्ही पाय पापडांत.

बेन हसायला लागली. आधी बारीक, मग मोठ्याने. टाकीला मिठी मारून मी कशी ओरडले, त्याची नक्कल तिने करून दाखवली आणि मग मलाही हसू आवरेना. भीती जाते तेव्हा येतं ते हसू, थांबवता येत नाही असं. आम्ही त्या तुटक्या पापडांत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. खालून बँड वाजतच होता. बेन म्हणाली, "बघा भाभी, आज जमीन पण झेंड्याला सलामी देते."

मग आम्ही पुन्हा कामाला लागलो.

हे आले तेव्हा त्यांच्याकडे बातमी होती, पण अर्धवट. अहमदाबादला इमारती पडल्या, भूजला काहीतरी झालं. बेनने हातातला गोळा तसाच परातीत ठेवला आणि खाली गेली. तिच्या यजमानांनी घरून फोन लावून पाहिला, मग एसटीडी बूथवर जाऊन पाहिला. अंजारला फोन लागतच नव्हता. संध्याकाळपर्यंत लाटीवर सिल्वासा आणि वापीतले, मूळचे अंजारकडचे, भचाऊकडचे सगळे व्यापारी जमले. त्यांनी एका ट्रकमध्ये बांबू, ताडपत्र्या आणि पाण्याचे कॅन भरले, आणि बेनचे यजमान त्याच ट्रकमधून निघाले. बेनलाही जायचं होतं, तिला कोणी नेलं नाही.

त्यानंतरचे दिवस मी तिच्याकडेच होते. तिच्या मुलांना जेवायला घालायचं, ती काही खाते का बघायचं. ती टीव्हीसमोर बसून असायची आणि ढिगाऱ्यांत ओळखीची भिंत शोधायची. अंजारच्या शाळांची मुलं प्रभातफेरीत चालत होती आणि अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंची घरं त्यांच्यावर कोसळली, हे आम्ही दोघींनी एकत्रच ऐकलं. ऐकल्यावर बेन माझ्याकडे वळली नाही. तिने पदर तोंडात धरला आणि पडद्याकडे बघत राहिली.

यजमानांचा निरोप आला तो तिच्या दिरांकडे. बेनचे आईवडील अंगणात बसले होते, वाचले. बहीण आपल्या वर्गातल्या मुलांबरोबर होती. तिच्या हातात झेंडा होता असं कोणी म्हणालं, कोणी म्हणालं की नव्हता. तिला मागे उभं राहून मुलं मोजताना पाहिल्याचं एका दुकानदाराने सांगितलं.

मग बेनला अंजारला नेलं. ती परत आली तोवर उन्हाळा सुरू झाला होता. मी तिला भेटायला गेले, जवळ बसले. तिने विचारलेल्या प्रश्नांना मी उत्तरं दिली, मी विचारलेल्यांना तिने. पण ती माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हती, साडीच्या काठाकडे बघत होती. घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, तिला माझं तोंड बघवत नाही. हे म्हणाले, दुःखात आहे, वेळ दे. पण मला वाटलं, मला कारण माहीत आहे. ते सलामीचं ती बोलली तेव्हा ऐकणारी मी एकटी होते. त्याच मिनिटाला तिकडे काय चाललं होतं ते आता आम्हाला दोघींना माहीत होतं. मला बघितलं की तिला ते वाक्य ऐकू येत असणार. मग मी तिच्या समोर कशाला यावं?

हे मी तिच्या भल्यासाठी केलं, असं मला तेव्हा खरंच वाटत होतं. ती दुपारी कपडे वाळत घालायची, म्हणून मी सकाळी घालायला लागले. जिन्यात तिची चाहूल लागली की दार लावायची. त्या दिवशीचे वाचलेले खिचिया मी वाळवून डब्यात भरले होते. त्यातला तिचा वाटा तिला द्यायचा धीर झाला नाही. ते आमच्याकडे कोणी तळलेही नाहीत. शेवटी एका कामवाल्या बाईला देऊन टाकले. इमारतीतल्या बायका विचारायच्या, तुमचं भांडण झालं का. मी नाही म्हणायची. भांडण झालं असतं तर मिटलं असतं, हेही मनात यायचं.

एकदाच ती माझ्या दारात आली, वाटी घेऊन, विरजण मागायला. मी तिची वाटी भरली. तिने ती घेतली, पण निघाली नाही. दोघी उंबरठ्याच्या दोन बाजूंना उभ्या. तिला काही बोलायचं होतं हे मला दिसत होतं. आणि मी बोलले ते असं की दही जरा आंबट आहे, कमी घाला. तिने बरं म्हटलं आणि ती गेली.

दुसऱ्या वर्षी त्यांनी लाटीतला हिस्सा दिरांकडे सोपवला आणि सगळे अंजारजवळ गांधीधामला राहायला गेले. तिच्या आईवडिलांजवळ कोणीतरी असायला हवं होतं. टेम्पोत सामान चढलं तेव्हा इमारतीतले सगळे खाली होते. तिने माझ्या मुलाच्या गालांवरून हात फिरवला आणि त्याला जवळ घेतलं. मी म्हटलं, पोचलात की फोन करा. तिने मान हलवली. फोन आला नाही, आणि मीही तिच्या दिरांकडे नंबर मागितला नाही.

वर्षं गेली. आम्ही नरोली रोडवर स्वतःचं घर घेतलं. मुलाचं लग्न झालं, हे निवृत्त झाले आणि नंतर गेलेही. एकदा स्वयंपाकघराच्या कपाटासाठी प्लायवूड बघायला मुलाबरोबर त्याच लाटीवर गेले. बेनचे दीर गल्ल्यावर होते. त्यांनी ओळखलं, चहा पाजला आणि सांगितलं की त्यांच्या मुलाचं लग्न आहे, गांधीधामहून भाभी, म्हणजे बेन, येणार आहेत, तुम्ही याच.

मी गेले. हॉलमध्ये बायकांच्या बाजूला ती खुर्चीत बसली होती, हातात काठी. मी समोर उभी राहिले तरी तिने लगेच ओळखलं नाही. मग माझा हात धरला तो सोडलाच नाही. गुडघे, नातवंडं, आमचे हे, तिचे यजमान, तिचे आईवडील कधी गेले, सगळं झालं. जेवायची पंगत उठली, हॉल जरा रिकामा झाला. मग तीच म्हणाली, "भाभी, एक विचारू? तुम्ही माझ्याशी बोलणं का बंद केलं?"

मी म्हटलं की बंद मी नाही केलं. मला बघून तुम्हाला ते गच्चीवरचं आठवत असेल, त्रास होत असेल, म्हणून मी बाजूला राहिले.

मग तिने तिची बाजू सांगितली. तिला वाटलं होतं की मी तिला कठोर बाई समजते. तिकडे बहीण दगडाखाली आणि ही इकडे थट्टा करत बसली होती, असं मी मनात धरलंय. म्हणून दार लावून घेते. विरजण हा बहाणा होता. तिला विचारायचं होतं की तुम्हीही हसला होता ना, आपल्याला कुठे माहीत होतं.

"आठवायचं तर रोजच होतं," ती म्हणाली. "तुम्ही असता तर दोघींनी आठवलं असतं. मी एकटीने आठवलं."

मी तिला म्हटलं की मीही हसले होते, तुमच्यापेक्षा जास्त हसले होते. हे वाक्य वाटीत विरजण घालताना म्हणायला हवं होतं. तेव्हा ते कामाचं होतं. आता तिने नुसतं हं म्हटलं आणि माझा हात थोपटला. धीर द्यायचा तिला, आणि तीच मला देत होती.

त्यानंतर आम्ही फोनवर बोलायला लागलो. पहिल्यांदाच ती बहिणीबद्दल बोलू लागली. बहिणीला मोठ्यांदा वाचायची सवय होती, तिला भेंडी आवडत नसे, होळीला ती पुन्हा सिल्वासाला येणार होती. हे सगळं मी समोरच्या दारात होते तेव्हा ऐकायला हवं होतं. अंजारला आता त्या मुलांचं स्मारक झालंय. बेन कधी आत गेलेली नव्हती. म्हणाली, तुम्ही आलात तर जाईन. मी हो म्हटलं. आधी माझा गुडघा आड आला, मग पावसाळा, मग सुनेचं बाळंतपण. मी दिवाळीनंतर येते म्हणून कळवलं, आणि दिवाळीच्या आधीच ती न्हाणीघरात पडली. तिचं खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ती अंथरुणातून उठली नाही.

मागच्या हिवाळ्यात मुलगा मला गांधीधामला घेऊन गेला. बेन बोलते, पण थोडं. मधेच विसरते. अंजार तिथून जवळ आहे. मुलाने विचारलं की गाडी आहेच, तुला स्मारक दाखवून आणू का. मी नको म्हटलं. तिच्याशिवाय मी तिथे जाऊन कोणाचं नाव शोधणार होते, आणि कोणाला दाखवणार होते?

मी खोलीतच बसून राहिले. दुपारी तिच्या सुनेने तेलाची वाटी आणून ठेवली, आणि मी बेनला उशीला टेकवून तिचे केस विंचरायला घेतले. आमलीत होतो तेव्हा तिची वेणी माझ्या मुठीत मावत नसे. आता फणी एकदा फिरवली की झालं. तरीही मी बराच वेळ विंचरत राहिले. तिने डोळे मिटून घेतले होते, झोप लागली होती की नव्हती, मला कळलं नाही.