आक्काच्या सोप्यातला माठ

आमच्या वडगावात सकाळी यंत्रमाग सुरू झाले की फोनवरचं धड ऐकू येत नाही. त्यामुळं दाजींचा फोन आला तेव्हा 'काय? मोठ्यानं बोला!' असं मीच ओरडले, आणि त्या बापड्या माणसाला तेच दोनदा बोलावं लागलं. 'सुमती गेली गं, सुनंदा... सुमती गेली.' सुमती म्हणजे बोरगावला दिलेली माझी थोरली बहीण, आमची आक्का. त्या दिवशीही तिनं उठल्या उठल्या घरचं सगळं पाणी फडक्यानं गाळलं, माठ भरला, आणि जरा दम खायला म्हणून उंबऱ्याशी बसली ती उठलीच नाही. शाळेत शिकवायला निघायच्या गडबडीत माझ्या हातात पाण्याचा ग्लास होता. तो मी तसाच ओट्यावर ठेवून दिला. आक्काचा विषय निघाला की माझ्या घशाखाली पाणी उतरत नाही, ही सहा वर्षांची सवय. त्या सवयीपायी मी तिला किती त्रास दिला, ते सांगायलाच आज लिहायला बसले आहे.

सहा वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं. आठवड्यातून दोनदा निपाणीला डायलिसिस, आणि दिवसभरात सगळं मिळून पाऊण लिटर पाणी. त्यात चहा आला, ताक आलं, गोळीबरोबरचा घोटसुद्धा आला. वर गूळ बंद, केळं बंद, शहाळं बंद. ऐकून मीच भोकाड पसरलं. आक्का म्हणाली, 'रडतीस कशाला गं? पर्युषणात लोकं गोड सोडत्यात, तूप सोडत्यात. मी पाण्याचा नियम घेतलाय म्हण. तुमचा नियम दहा दिवसांत सुटतोय, माझा जरा लांबलाय, एवढंच.' आम्हा जैनांच्या घरात घेतलेला नियम मोडायचा नसतो. दुसऱ्या दिवसापासून तिनं दिवसाचं पाणी मापून पितळेच्या चंबूत भरून ठेवायला सुरुवात केली. चहा घेतला की तेवढं पाणी चंबूतून काढून अंगणातल्या अबोलीला. 'माझ्या वाटणीचं तीबी पिऊ दे की!' निपाणीच्या दिवशी त्याच अबोलीचा गजरा माळून ती बसमध्ये बसायची. 'माहेरला जाऊन येतो' म्हणायची, आणि तिथल्या नर्सबाईंशी कानडीत अशा गप्पा हाणायची की शेजारच्या खाटेवरचा पेशंटही हसायचा.

आणि मी काय केलं? मी शहाणी ना! उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्याकडं महिनाभर राहायला गेले आणि पहिल्याच दिवशी दारालगतच्या सोप्यातला माठ उचलून मागं गोठ्यात नेऊन ठेवला. तिच्या नजरेला पाणी पडू नये म्हणून. डायलिसिस नवं होतं, ती बहुतेक आतच पडून असायची आणि पाणी गाळून भरायचं मी माझ्याकडं घेतलं, त्यामुळं तिला पत्ता लागला नाही. दाजींना पढवलं, येणाऱ्याला दारातच सांगा, पाणी मागू नका, आक्काच्या जिवाची तगमग होतीया. दाजी गरीब, त्यांनी तसं सांगितलं. आमच्या भागात दारात माणूस आलं की आधी गूळ-पाणी, मग 'का आलात' ते विचारायचं. आता माणसं यायची, सुकलेल्या तोंडानं पाच मिनिटं बसायची आणि 'येतो हं' म्हणून उठायची. हळूहळू यायचीच बंद झाली. आम्ही घरचे गोठ्यात जाऊन, म्हशीच्या आडोशाला उभं राहून पाणी प्यायचो. मला वाटत होतं, केवढी माया करतोय आपण.

एका दुपारी चंपामावशी आल्या, आईच्या मैत्रीण, सत्तरी ओलांडलेल्या. स्टँडपासून उन्हात चालत आलेल्या, चेहरा लालबुंद. आक्का म्हणाली, 'बसा, पाणी देतो.' मावशी दाजींकडं बघत म्हणाल्या, 'नगं नगं, तहान न्हाय मला.' आणि त्यांना जो ठसका लागला, तो थांबेच ना. आक्का उठून माठाकडं गेली, तर माठच नाही! शोधत शोधत गोठ्यात आली, तर तिथं मी, तांब्या तोंडाला लावून उभी... चोर मुद्देमालासकट सापडावा तशी. तिनं माझ्या हातातला तांब्या घेतला, मावशींना पाणी पाजलं, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्या गेल्यावर मात्र माझ्याकडं वळली. सहा वर्षांत एवढं चिडलेलं तिला मी एकदाच बघितलं.

'चोरून पाणी पितीस व्हय गं? माझ्या घरात?'

'आक्का, तुला बघवणार न्हाय म्हणून...'

'माझं पाणी कमी झालंय, घराचं न्हाय! डॉक्टरनं मला पाणी तोडलं, तुमी माझी माणसं तोडाय लागलाय. म्हातारी माझ्या दारात तहानंनं मेली असती म्हणजे? मला काय वाटत हुतं, म्हायतंय? माझ्या रोगाला लोकं विटली.' आणि मग ती रडली. आजार कळला तेव्हा नाही, हातात जाड सुया खुपसल्या तेव्हा नाही, तेव्हा रडली.

संध्याकाळच्या आत माठ सोप्यात आला. त्यानंतर दारात कुणीही येवो, पोस्टमन येवो नाहीतर पाहुणे, गूळ-पाणी आक्काच्याच हातानं. स्वतःला बंद असलेल्या दोन्ही गोष्टी ती दिवसभर हसत वाटायची. ती सारखी हसत होती असं मात्र नाही हं. मी तिला रोज मोबाईलवर 'सकारात्मक राहा' असली चित्रं पाठवायचे. एकदा फोन करून म्हणाली, 'सूर्य लई झ्याक उगवलाय तुझ्या फोटोत. पण माझी पावलं सुजल्यात, ती काय करू?' चैत्रात जीभ टाळूला चिकटायची, तेव्हा भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. पण दारात चप्पल वाजली की उठायची.

फक्त मी सुधारले नाही. तिनं दिलेला ग्लास मी ओठाला लावायचे आणि तिची पाठ वळली की अबोलीत ओतायचे. तिच्यासमोर प्यायला मला जमायचंच नाही. तिला का कळत नव्हतं? म्हणायची, 'सुनंदे, एकदा माझ्यासमोर पोटभर पाणी पी गं. सावकाश, घोट घोट. तू माझ्यापासनं पाणी चोरलंस की मला आजारी असल्यागत वाटतंय.' शेवटची भेट झाली ती निपाणीच्या स्टँडवर. डायलिसिस करून थकली होती. पिशवीतून बाटली काढली, माझ्यासाठी भरून आणलेली. मी म्हणाले, 'आत्ताच प्यायले गं, बसमध्ये.' खोटं होतं. आक्कानं बाटली परत पिशवीत ठेवली. 'बरं,' एवढंच म्हणाली... बस आली, मी गेले. ते 'बरं' अजून कानातून जात नाही.

गेल्या रविवारी बोरगावला गेले. तिला जाऊन महिना होत आला होता. अबोली फुलली होती. दाजी सोप्यात एकटेच बसले होते. मला बघून उठले, आत गेले, आणि बशीत गुळाचा खडा आणि चंबूभर पाणी घेऊन आले. आयुष्यात कधी पाहुण्याला पाणी न दिलेला माणूस; निम्मं पाणी जमिनीवर सांडलेलं. 'सकाळी उठून मीच गाळतोय आता,' म्हणाले. 'त्या दिवशीचं तिचं पाणी तसंच राहिलंवतं बघ चंबूत. एक घोट घेतला नव्हता... अबोलीला घातलं.'

मी गूळ तोंडात टाकला आणि चंबू उचलला. सावकाश, घोट घोट प्यायले. नाकाडोळ्यातून पाणी वाहत होतं, तरी थांबले नाही. चंबू रिकामा झाला.

दाजींनी विचारलं, 'आणखी देऊ?'

'द्या,' म्हणाले. 'काठोकाठ द्या.'