चिठ्ठीतलं शेवटचं नाव

"टेबलावर ठेव. ती घेईल उचलून."

बडी बहनजी एवढंच बोलल्या. सुलभाने मासिक माझ्यापुढे धरलं होतं. माझा हात अर्धा पुढे गेला होता. तिने मासिक मागे घेतलं, टेबलाच्या कडेला ठेवलं आणि पदराला बोटं पुसली. आपण बोटं पुसतोय हे तिला कळलंही नसावं. मला कळलं. मी मासिक उचललं आणि "थँक यू" म्हणाले.

त्या थँक यूची मला अजून लाज वाटते.

जबलपूरच्या कारखान्याच्या वस्तीतली ती प्राथमिक शाळा. बडी बहनजी म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. घराणं मराठ्यांच्या काळात इथे चाकरीला आलेलं, कमानिया गेटजवळ राहणारं. माझे बाबा नागपूरकडून आले आणि तोफांच्या कारखान्यात भट्टीवर लागले. दोघांच्या घरात मराठीच. मी रुजू झाले त्या दिवशी बडी बहनजींनी मराठीत माझं आडनाव विचारलं. मग बाबांचं गाव विचारलं. मग "अच्छा" म्हणाल्या. त्या अच्छानंतर त्या माझ्याशी फक्त हिंदीत बोलल्या. माझ्याबद्दल मात्र माझ्यासमोर मराठीत बोलत.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, फी माफ होती म्हणून. तिथे मला कोणी काही विचारलं नाही. मला वाटलं, विचारण्यासारखं काही उरलंच नाही. गप्प राहण्याला तिथे चांगलं वळण म्हणत. ते वळण मला लागलं.

शाळेत दर महिन्याला शिक्षकांचं एक मासिक यायचं. गणित कसं शिकवावं, तक्ते कसे करावेत, खात्याच्या बातम्या, प्रशिक्षणाच्या जाहिराती, सगळं त्यात असे. आम्हा शिक्षिकांना बाहेरची खबर मिळण्याची तेवढीच जागा. त्याला एक चिठ्ठी टाचलेली असायची. तिच्यावर सगळ्यांची नावं. वाचायचं, सही करायची, पुढच्या नावाला द्यायचं. माझं नाव शेवटचं. माझ्यापर्यंत अंक यायला दोन-तीन महिने लागत. मी नवी आहे, म्हणून शेवटी, असं मी धरून चालले.

मग सुलभा आली. माझ्यापेक्षा नवी. तिचं नाव चिठ्ठीत माझ्या वर, दोन ओळींच्या फटीत बारीक अक्षरात लिहिलेलं. मी ते नाव बराच वेळ बघत बसले. तेव्हा समजलं. माझ्यानंतर तो अंक कोणाला हातात घ्यावा लागू नये, म्हणून मी शेवटची होते.

घरी बाबांना सांगितलं. ते हात धूत होते. भट्टीचा काळा रंग त्यांच्या नखांतून कधी जायचा नाही.

"अन् तू काय म्हटलं?"

"काही नाही."

"काहून? एवढी इंग्रजी शिकली, अन् बोलून नाही राहिली तू?"

मी त्यांच्या हातात पंचा दिला. ते जेवायला बसले.

एकाहत्तरच्या त्या हिवाळ्यात लढाई सुरू झाली. कारखान्याचा भोंगा अवेळी वाजू लागला. बाबा दोन-दोन पाळ्या करू लागले. संध्याकाळी शाळेत नागरी संरक्षणाचे स्वयंसेवक बसत, म्हणून दिव्यांचा उजेड बाहेर जाऊ नये यासाठी खिडक्यांच्या काचा झाकायचा हुकूम आला. बडी बहनजींनी रद्दीचा गठ्ठा आणि खळीचं पातेलं माझ्या वर्गात पाठवलं.

"तुम चढ़ जाओ. तुम लोगों को आदत होती है."

मी बाकावर चढले. पानं सुटी केली, एकावर एक तीन थर लावले. कडा सरळ, सुरकुती नाही. कॉन्व्हेंटची शिस्त. काय लावतेय ते वाचलं नाही. रद्दी आहे म्हटल्यावर मी ती रद्दी समजले. ही चूक माझी. ती मी कोणावर ढकलत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्ग अंधारलेला होता. मुलं पाटीवर वजाबाकी करत होती. हातच्याशी सगळी अडत होती, महिनाभर अडत होती. माझी नजर काचेवर गेली. तिथे लिहिलं होतं, दहा काड्यांची जुडी बांधा, मुलाच्या हाताने ती सोडवून घ्या. मी तिथेच उभी राहिले. मग मुलांना अंगणातून काड्या आणायला लावल्या. दुपारपर्यंत निम्म्या वर्गाला हातचा आला.

एका मुलीने हात वर केला. "बहनजी, बीच में शून्य हो तो किससे लें?"

मी काचेकडे गेले. लेख तिथेच तुटला होता. पुढचं पान खालच्या थरात गेलं होतं, मीच चिकटवलेलं.

बाहेरच्या बाजूने काही दिसेल म्हणून मी अंगणात गेले. काचेतून त्या मासिकाचं मुखपृष्ठ दिसलं. दोनच महिन्यांपूर्वीचा अंक. चिठ्ठी अजून टाचलेली. सगळ्या सह्या झालेल्या. माझ्या नावापुढे कोरं. शेजारच्या काचेवर खात्याची सूचना होती. माझ्यासारख्या तात्पुरत्या शिक्षिकांसाठी उन्हाळी प्रशिक्षण. प्रशिक्षण नसेल त्यांना सत्राअखेर कमी करणार. अर्जाची मुदत आठ दिवसांपूर्वी संपली होती. सूचनेखाली कोणीतरी पेन्सिलीने रेघ ओढली होती. सुलभाचा अर्ज गेला होता. ते मला नंतर कळलं.

आतून मुलांचे आवाज येत होते. काचेत माझा चेहरा दिसत होता, त्याच्यातून अक्षरं.

लढाई थोड्याच दिवसांत संपली. पण त्यानंतरही किती दिवस मी त्या काचांखाली शिकवलं. मधल्या थरात काय होतं, हे माझ्या डोक्यातून जाईना. शून्याचं पान तिथे होतं. आणखी काय काय असेल? किती महिन्यांचं? कुठलीही झाकलेली काच दिसली की मी अजून जवळ जाते. माझं काहीतरी तिथे आहे, असं वाटत राहतं.

काचा साफ करायचा दिवस आला. बडी बहनजी दारात उभ्या राहिल्या.

"तुमने लगाया है, तुम्हीं छुड़ाओ."

"नाही," मी म्हणाले. मराठीत.

"क्या?"

"मी काढणार नाही. आधी मला सांगा, हा अंक माझ्याकडे का आला नाही?"

माझा आवाज बाहेर आला होता. सुलभा व्हरांड्यात थांबली. बडी बहनजींनी तिच्याकडे बघितलं, मग त्या पहिल्या दिवसानंतर प्रथमच माझ्याशी मराठीत बोलल्या.

"अगं, रद्दीत गेला चुकून. एवढं काय त्यात? तुम्हा लोकांसाठी सरकारने सगळं राखून ठेवलंय ना?"

"मी राखीव जागा मागत नाहीये. अंक मागतेय."

त्यांनी शिपायाला हाक मारली. शिपायाने गरम पाणी मारलं. तिन्ही थरांचा लगदा होऊन खाली पडला. मी उभी राहून बघितलं. वर्गात एकदम खूप उजेड आला. तो मला नको होता.

त्याच आठवड्यात मी खात्याला अर्ज पाठवला. उशीर का झाला, ते लिहिलं. चिठ्ठीतला नावांचा क्रम लिहिला. तो क्रम कशावरून ठरतो, तेही लिहिलं. माझं पूर्ण आडनाव लिहिलं, जे मी कॉन्व्हेंटपासून अर्धं लिहीत आले होते. उत्तर आलेलं नाही. सत्र संपत आलंय. नोकरी बहुतेक जाईल.

या महिन्याचं मासिक पोस्टमनकडून मी फाटकावरच घेतलं. वेष्टण फाडलं. मधल्या सुट्टीत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. कामाचं ते वहीत उतरवलं, मग कार्बन घालून आणखी तीन प्रती केल्या. इतर शाळांतल्या तिघी जणी मला माहीत आहेत. त्यांच्याही चिठ्ठीत शेवटचं नाव त्यांचंच असतं.

मग नवी चिठ्ठी लिहिली. माझं नाव वर, सही त्याच्यापुढे. अंक बडी बहनजींच्या टेबलावर ठेवला.

ज्यांना तो माझ्यानंतर हातात घ्यायचा नाही, त्यांनी बातमीवाचून राहावं. मी राहिले. पुन्हा राहणार नाही.